मागच्या खोलीतल्या नऊ बंदुका

मी, वेंडेल ऑगस्ट हॅगेडॉर्न, वय वर्षे बाहत्तर, धंदा बंदूक-दुरुस्ती, राहणार टॅनर फ्लॅट, वॉशिंग्टन राज्याचा पूर्व भाग, डोके ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना हे लिहून ठेवत आहे. कोणी माझा हात धरलेला नाही. दारू मी अठरा वर्षांपूर्वी सोडली, तेव्हा तोही संशय नको. माझ्या वकीलबाई नोरीन प्रुइट यांनी मला दोनदा बजावले, की मृत्युपत्रात कारणे लिहू नका, कुणाला काय तेवढेच लिहा. पण कारणे न लिहिता वाटणी केली तर माझी मुले उरलेला जन्म ती कारणे शोधत भांडतील, म्हणून मी ती लिहिणारच. ज्याला फक्त वाटणी हवी असेल त्याने प्रत्येक कलमाचे पहिले वाक्य वाचून कागद पुढच्याच्या हाती द्यावा.

एप्रिलच्या दोन तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव चालत घरी जातात. उरलेल्या तिघांत मी निघालो तर हे कागद उघडावेत. १९९८ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे माझी पत्नी आयडेला हिला दिले होते आणि ती माझ्याआधी गेली. या कागदांची अंमलबजावणी प्रुइटबाईंनी करावी. माझ्या दोन्ही मुलांपैकी एकाला हे काम दिले तर दुसरे त्याला सुखाने करू देणार नाही.

कलम १. माझे राहते घर, त्यामागची सफरचंदाची चार झाडे आणि घरातले सामान माझी मुलगी कॉरिन हिला द्यावे. ती शहरातल्या एका रुग्णालयात तातडीच्या विभागात परिचारिका आहे. तिला इथे येऊन राहायचे नसेल तर तिने घर विकावे, माझी हरकत नाही. फक्त पडवीतल्या शीतपेटीतले एल्क हरणाचे मांस आधी तिच्या भावाला, ट्रेंटला, नेऊ द्यावे. तो एल्क त्याने मारला आहे आणि ते तो जन्मभर बोलून दाखवेल.

कॉरिनशी मी चौदा महिने बोललेलो नाही. घर देऊन मी तिची समजूत काढतो आहे, असे कोणी समजू नये. घर तिलाच द्यायचे हे तिच्या आईने ठरवले होते, आणि या घरात तिच्या आईने ठरवलेले मी कधी बदलले नाही. समजूत कशी काढावी ते मला येत नाही. येत असते तर चौदा महिने लागले नसते.

कलम २. मुख्य रस्त्यावरील माझ्या दुकानाचा पुढचा भाग, म्हणजे काचेची कपाटे, गल्ला, कामाची मोठी खोली आणि लेथ, हे सर्व माझा मुलगा ट्रेंट याचे. परवाना त्याने स्वतःच्या नावाने काढून ठेवला आहे. दुकानाची मागची खोली या कलमात येत नाही. तिच्यासाठी वेगळे कलम आहे आणि ते वाचताना ट्रेंटने आधी खाली बसावे.

ट्रेंटला दुरुस्ती फारशी येत नाही, पण विकावे त्यानेच. मागच्या वर्षी जानेवारीत राजधानीत, ऑलिंपियाला, बंदुका आणि काडतुसे यांवर अकरा टक्के जादा कर बसवायचे विधेयक आले. त्यातून येणारा पैसा गोळी लागलेल्यांच्या घरच्यांसाठी आणि अशा मृत्यूंना आळा घालण्यासाठी खर्च होणार होता. ट्रेंटने दारावर फळा लावला, "कराच्या आधी या." पुढच्या तीन आठवड्यांत आमच्या दुकानात माणसांची जी रीघ लागली तशी मी चव्वेचाळीस वर्षांत पाहिली नव्हती. ज्यांच्या घरी चाळीस बंदुका आहेत ते एक्केचाळिसावी न्यायला आले. आमचा मर्ल स्टकी आला तेव्हा फळीवर एकाच मापाची काडतुसे उरली होती.

"दे, चारही खोकी दे," तो म्हणाला.

"अरे, पण तुझ्याकडे या मापाची रायफल कुठाय?"

"नसू दे. कर लागल्यावर या भावात तू देणारेस का?"

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दारात उभा. "वेंडेल, त्या काडतुसांना बसेल अशी एखादी रायफल दाखव बघू. नुसती पडून राहिली तर वाया जातील." ट्रेंटने त्याला रायफल दाखवली आणि वर पट्टाही गळ्यात मारला. म्हणून म्हणतो, दुकान ट्रेंटचेच.

कलम ३. लाकडावरच्या कोरीवकामाची माझी सर्व हत्यारे कॉरिनला द्यावीत. कानशी आणि बाकीची हत्यारे ट्रेंटला. बंदुकीच्या दस्त्यावर, जिथे मुठीत धरतात तिथे, बारीक चौकटींची जाळी कोरतात, म्हणजे हात घसरत नाही. एक रेघ चुकली की अक्रोडाचे महागडे लाकूड फुकट. ट्रेंटच्या रेघा पहिल्या दिवसापासून रस्ता सोडून शेतात जात. कॉरिन अकरा वर्षांची असताना गंमत म्हणून बसली आणि तिने मुठीची एक बाजू सरळ कोरून दिली. पुढे कॉलेजात जाईपर्यंत या दुकानातून बाहेर पडलेले निम्मे कोरीवकाम तिचे होते. गिऱ्हाइकांना मी ते माझे म्हणून सांगत आलो. हे आज लेखी कबूल करतो.

कलम ४. नळीचे तोंड कापायचे माझे जर्मन हत्यार २००३ सालापासून मर्ल स्टकीकडे आहे, ते त्याच्याकडेच राहू द्यावे. तो म्हणतो ते त्याचे. तो म्हणतो मी त्याच्या वाढदिवसाला दिले. बावीस वर्षे मी दात-ओठ खात गप्प बसलो. आता अट एकच. माझ्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होईल, तेव्हा हात धुऊन बसण्याआधी मर्लने उभे राहून सर्वांसमक्ष "ते वेंडेलचं होतं" एवढे तीन शब्द म्हणावेत. मग त्याला वाढावे.

तसेच माझ्या थडग्यापाशी कोणी हौसेने हवेत बार काढू नयेत. मी सैन्यात नव्हतो. आणि जवळच लिंडक्विस्टांचे गुरांचे कुंपण आहे, गाई बिथरतात.

कलम ५. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावलेला, "ज्याने राजधानीला ऐकवले" असे कोरलेला पितळी फलक काढून आमच्या जिल्ह्याच्या नेमबाज मंडळाला परत करावा. तो मी स्वतःच काढला असता, पण ट्रेंटने तो लावला त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते मी सहसा पाहिलेले नाही.

हा फलक मला का मिळाला ते सर्वांना माहीत आहे. तो मला का नको आहे ते माहीत नाही, म्हणून लिहितो.

त्या जादा कराच्या सुनावणीला आम्ही एक्केचाळीस जण भाड्याची बस करून खिंड ओलांडून ऑलिंपियाला गेलो. खिंडीत बर्फ होते, बस दोनदा थांबली. इकडे गावच्या सभागृहात मोठा पडदा लावून उरलेले सगळे गाव सुनावणी बघायला जमले होते, ज्याने त्याने घरून डबा आणायचा अशा बेताने. प्रत्येकाला बोलायला दीड मिनिट मिळणार होते. माझा कागद तयार होता. त्यात हरणाच्या मांसावर हिवाळा काढणाऱ्या घरांबद्दल होते, आणि कुणाच्या गुन्ह्यासाठी कुणाच्या काडतुसावर कर, असा सवाल होता. तो सवाल मला आजही पटतो.

माझ्या आधी कराच्या बाजूने बोलणाऱ्यांत कॉरिनचे नाव पुकारले. ती येणार हे मला ठाऊक नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"माझ्याकडे गोळी लागून येणारे बहुतेक जण दरोड्यात सापडलेले नसतात," ती म्हणाली. "ते माझ्या वडिलांच्या वयाचे असतात. घरात कुणी नसताना हे घडतं, आणि बंदूक त्यांची स्वतःची असते. त्यांच्या बायका मला सांगतात, गेले कित्येक महिने हे धड बोलत नव्हते. मग मी विचारते, ही गोष्ट कुणाला सांगितली नाही का? दुकानदाराला? दुकानदार काय, विकून मोकळे."

ते शेवटचे दोन शब्द माझ्या वर्मी लागले. माझी पाळी आली तेव्हा मी कागद खिशातच ठेवला. मी म्हणालो, "माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत या घटकेला नऊ बंदुका टांगल्यात. एकीतही काही बिघाड नाही. घरात माणूस खचला की त्याची बायको, आई, भाऊ ती बंदूक दुरुस्तीला म्हणून माझ्याकडे आणतात, आणि सुटा भाग यायचाय म्हणून मी त्या माणसाला महिनोन्‌महिने थापा मारतो. कुठलाही कर न लावता, कुणी न सांगता. आम्ही आमची माणसं सांभाळतो. तुम्ही आम्हाला शिकवू नका."

सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. विरोधी बाजूच्या दोन बायकांनीही वाजवल्या. माझी ती चित्रफीत सगळीकडे फिरली, विधेयक त्या वर्षापुरते बारगळले, आणि मंडळाने फलक केला.

मी नावे घेतली नव्हती. पण सहाशे वस्तीच्या गावात कुणाची बंदूक किती महिने दुरुस्तीला पडली आहे हे काय कुणी सांगायला लागते? गावच्या सभागृहात त्या नऊ जणांपैकी सात जण पडद्यासमोर बसलेले होते.

कलम ६. मागच्या खोलीतली रजिस्टरे, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या आणि गस ब्रँडव्होल्डचा फोटो जाळू नये, विकू नये. ते त्या खोलीतच राहावेत. गस म्हणजे माझ्या आधीचा या दुकानाचा मालक.

१९७९ च्या डिसेंबरात माझा धाकटा भाऊ रॉय तलावाचे बर्फ फुटून गेला. बर्फावर मासे धरायला मीच त्याला नेले होते, आणि बर्फ पक्के आहे हे मीच पाय आपटून सांगितले होते. त्यानंतर मी गिरणीतल्या कामावर जाईनासा झालो. काही दिवसांनी माझी रायफल जागेवर दिसेना. आई म्हणाली, बोल्ट अडकत होता, गसकडे टाकलीय. मी गसकडे गेलो. तो म्हणाला, स्प्रिंग मोडलीय, इलिनॉयहून यायचीय, तिकडे संप चाललाय. मी पुढच्या शनिवारी गेलो. संप चालूच. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

"आलाच आहेस तर उभा काय राहतोस," गस म्हणाला. "हा दस्ता घे. जवसाच्या तेलाचे दोन थेंब टाक आणि हात पोळेस्तोवर तळव्यानं चोळ."

चौदा महिने मी दर शनिवारी संपाची चौकशी करायला गेलो आणि दस्ते चोळून परत आलो. चौदा महिन्यांनी मला हा धंदा येत होता आणि सकाळी उठवत होते. मग एक दिवस गसने रायफल समोर ठेवली. पुढे पंधरा वर्षांनी, दुकान माझ्या हवाली करताना, मागच्या खोलीची किल्ली हातात देऊन तो म्हणाला, "इलिनॉयला संप-बिंप काही नव्हता हं."

मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. आपण पंधरा वर्षे मूर्ख ठरलो, आपल्या आईने आणि या म्हाताऱ्याने मिळून आपल्याला लहान पोरासारखे वागवले, याचा मला इतका राग आला होता. नवव्या दिवशी राग उतरला आणि मी त्याच्या घरी जाऊन रडलो. तेव्हा फसवले गेलेल्या माणसाला काय वाटते हे या गावात सर्वांत जास्त मला ठाऊक होते. ऑलिंपियाला त्या दीड मिनिटात मी तेच विसरलो. मुलीला उत्तर द्यायचे म्हणून मी नऊ जणांची अब्रू चव्हाट्यावर मांडली. तिने खोटा आरोप केला होता हे खरे. पण तिला बाहेर अंगणात गाठून सांगता आले असते.

गसने किल्लीबरोबर एक नियम दिला. जो ती खोली सांभाळतो त्याची स्वतःची बंदूक पहिल्या खुंटीवर टांगलेली असते, आणि शिकारीचे दिवस सोडले तर ती घरी जात नाही. दुसऱ्यांच्या ठेवून घेणाऱ्याने स्वतःची उशाशी घेऊन झोपायचे नाही. दुकानभर बंदुका असून माझ्या घरात एकही का नाही, याबद्दल लोक मला चिडवत आले आहेत. कारण हे आहे.

कलम ७. हा कर मला आजही मान्य नाही, आणि माझा हा विरोध मी ट्रेंटला देतो. पण त्याबरोबर एक कामही देतो.

या वर्षी विधेयक पुन्हा आले आहे, आणि या वेळी त्यात एक नवे पोटकलम आहे. दुरुस्तीला दिलेली बंदूक नव्वद दिवसांहून जास्त दुकानात राहिली तर ती परत देताना नव्याने विकल्यासारखी मालकाची चौकशी, अर्ज आणि कर. हे कुणाच्या डोक्यात आले असेल? दुकानदार बंदुका महिनोन्‌महिने ठेवून घेतात हे त्यांना कुणी सांगितले? मी सांगितले, कॅमेऱ्यासमोर. जी गोष्ट पन्नास-साठ वर्षे कुणाच्या नजरेत आली नाही तिच्यावर मीच बोट ठेवून दाखवले. मालकाची चौकशी व्हायची म्हटल्यावर कुठली बायको आपल्या नवऱ्याची बंदूक आणून देईल?

मागच्या महिन्यात कॉरिनचे पत्र आले. चारच ओळी. "बाबा, कराच्या बाजूने मी पुन्हा बोलणार आहे. पण नव्वद दिवसांच्या पोटकलमाच्या विरोधात बोलणार आहे. विकून मोकळे म्हणाले ते चुकलं. मला माहीत नव्हतं, कारण तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं." शेवटच्या वाक्यात टोमणा आहे आणि तो बरोबर आहे.

तेव्हा मी नसलो तर पुढच्या सुनावणीला ट्रेंटने कॉरिनला आपल्या गाडीतून खिंडीपलीकडे न्यावे आणि परत आणावे. जाताना ट्रेंटने कराच्या विरोधात आणि तिने बाजूने हवे तितके भांडावे. सहा तासांचा रस्ता आहे. तिथे गेल्यावर त्या एका पोटकलमावर दोघांनी एकच बोलावे. दुकानाचा ताबा ट्रेंटला ही फेरी झाल्यावरच द्यावा, अशी अट मी घालतो. प्रुइटबाई म्हणतात, अशी अट कोर्टात टिकेलच असे नाही. ट्रेंट ही अट कोर्टात नेणार नाही, एवढा तो माझा मुलगा आहे.

कलम ८. दुकानाची मागची खोली, तिची किल्ली, तिथल्या बारा खुंट्या आणि तिथे जे जे टांगलेले असेल ते सांभाळण्याचा अधिकार माझा मित्र ऑरिन टव्हेट याला द्यावा.

ट्रेंट, ओरडू नकोस. ऐक.

ऑरिन वीजमंडळात तारांवर चढणारा माणूस. साडेतीन वर्षांपूर्वी वादळात तारा पडल्या तेव्हा त्याने खालून "वीज बंद आहे, चढ" म्हणून हाक दिली आणि त्याचा सोबती चढला. वीज बंद नव्हती. चूक दुसऱ्या उपकेंद्राची निघाली, चौकशीत ऑरिन निर्दोष ठरला, पण हाक त्याची होती. तो बोलायचा थांबला. त्याची बायको बेव्ह एक दिवस माझ्याकडे आली, रायफल काउंटरवर ठेवून म्हणाली, "वेंडेल, बघ ना, हिला काहीतरी झालंय." रायफलकडे तिने बघितले नाही. मी चिठ्ठी फाडली आणि रायफल पाचव्या खुंटीला टांगली. ऑरिनला मी सांगितले, सुट्या भागाची कंपनी बुडाली, जुना भाग शोधतोय. दोन वर्षे शोधत होतो.

सुनावणीच्या दिवशी तो सभागृहात होता. बेव्ह सांगते, माझे बोलणे संपल्यावर त्याने हातातली केकची बशी खाली ठेवली, टोपी घातली आणि टाळ्यांच्या मधून चालत घरी गेला. मी परत आलो त्या सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो दाराशी उभा होता.

"माझ्या रायफलला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"दोन वर्षं काही नाही?"

"दोन वर्षं काही नाही, ऑरिन."

"सगळ्या गावाला माहीत होतं?"

"गावाला नव्हतं. बेव्हला होतं, मला होतं. आता गावाला आहे. ती माझी चूक."

"दे इकडं."

मी दिली. कुणी विचारेल, का दिली? वस्तू त्याची. त्याने मागितली. माणसाच्या मनाविरुद्ध त्याची बंदूक अडवून ठेवायची असेल तर मग मी गेली पन्नास वर्षे सरकारशी कशासाठी भांडलो? त्या आठवड्यात सहा जणांनी आपापल्या बंदुका नेल्या. पुढच्या काही महिन्यांत पाच परत आल्या. दोन तर मालकांनी स्वतः आणल्या, चिठ्ठीवर खोटे काही न लिहिता. ऑरिनची आली नाही. ती त्याच्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभी आहे.

चौदा महिने तो माझ्याशी बोललेला नाही. बेव्ह रोज सकाळी सात वाजता फोन करून "कॉफी उकळतेय" एवढेच सांगते, म्हणजे मला कळते की ऑरिनची रात्र निघाली. तो फोन पाच मिनिटे उशिरा आला तर मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभा असतो. मला शस्त्रक्रियेची भीती वाटत नाही. भीती ही वाटते, की मी आडवा पडलेला असेन आणि तो फोन कुणाला जाईल.

त्याला ही खोली मी दया म्हणून देत नाही. माझ्यानंतर ती तोंड बंद ठेवणाऱ्याच्या हाती जायला हवी, आणि फसवले गेल्याचा राग ज्याने पोटात धरला आहे त्याच्या हाती जायला हवी. माणसाला त्याच्या तोंडावर खरे सांगून त्याची बंदूक मागायची, ही पद्धत आता त्याने पाडावी. थापांची पद्धत मी मोडली, ती आता चालायची नाही. पहिल्या खुंटीचा नियम त्याला लागू राहील. त्याने नाही म्हटले तर या खोलीचे काय करावे ते मला सुचत नाही, म्हणून त्याने हो म्हणावे.

[खुलासा. वरील कलम ८ आडवी रेघ मारून रद्द केले आहे. रेघेशेजारी माझी सही आहे. कारण लिहितो.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. मी बेव्हच्या हाती निरोप धाडला होता, की ऑरिनने साक्षीला यावे. मला वाटले, कागदोपत्री काम आहे, बोलावे लागणार नाही, कदाचित येईल. मंगळवारी प्रुइटबाईंनी कच्चा कागद वाचला आणि म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करू नका, पुढे भानगड होते. म्हणून येऊ नकोस हे सांगायला मी बुधवारी दुपारी त्याच्या घरी गेलो. दार त्याने उघडले.

"साक्षीला येऊ नकोस," मी म्हणालो. "तुझं नाव आत आहे."

"कशाला?"

मी कागद काढून कलम आठ वाचले. दारातच, उभ्याने. दाराआडच्या रायफलचा उल्लेखही गाळला नाही. ऑरिनने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, "दोन एप्रिलला तुला कापणार. तू मेलास तर प्रुइटबाई कागद उघडणार, कोर्ट शिक्का मारणार. उन्हाळा उजाडेल. तोवर त्या खोलीत कोण बसणार?"

"ट्रेंट."

"ट्रेंट त्या बंदुकांना पट्टे विकेल." चौदा महिन्यांत त्याने माझ्यासमोर काढलेला हा पहिला विनोद. "आणि तू नाही मेलास तर? मग मी काय तुझ्या मरणाची वाट बघत बसू?"

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

"तुझ्यावर राग आहे माझा. तो जायचा नाही, निदान या वर्षी तरी नाही. पण खोलीचा आणि त्याचा संबंध नाही." तो आत गेला. बेव्ह ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, तिने नळ बंद केला. तो रायफल घेऊन बाहेर आला, बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही, तो काढून माझ्या हातात दिला आणि रायफल माझ्या गाडीत ठेवली. मग स्वतः गाडीत बसला. दुकानात त्याने पहिल्या खुंटीवरची माझी बंदूक काढून दुसरीवर सरकवली आणि आपली पहिलीवर टांगली. मी किल्ली त्याच्या हातात दिली. ट्रेंट पाहत उभा होता. मग त्याने ऑरिनसाठी खुर्ची आणून ठेवली.

अशा रीतीने ती खोली मी जिवंतपणीच दिलेली आहे. या मृत्युपत्राने ऑरिन टव्हेट याला काहीही मिळत नाही. प्रुइटबाईंनी हे दोनदा तपासले आणि आपली हरकत मागे घेतली.]

वरील सात कलमे आणि खुलासा मी स्वतःच्या हाताने लिहिला, मोठ्याने वाचला, आणि त्यात आता काही कमी-जास्त करायचे उरलेले नाही. वाचणाऱ्यांनी एकमेकांशी नीट वागावे.

टॅनर फ्लॅट, वॉशिंग्टन
शुक्रवार, १४ मार्च २०२५

(सही) वेंडेल ऑगस्ट हॅगेडॉर्न

आम्ही खाली सह्या करणार, वेंडेल हॅगेडॉर्न याने आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्याच्यादेखत आम्ही केली.

साक्षीदार पहिली: (सही) लॉरेटा मे गिफर्ड, टपाल कार्यालय, टॅनर फ्लॅट.

साक्षीदार दुसरा: (सही) ऑरिन टव्हेट, टॅनर फ्लॅट. धंदा, काल सकाळपासून, मागची खोली.